चव्वेचाळीस अक्षरांचं नाव

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, बजाजनगरात, एका स्पेअर पार्टच्या दुकानाशेजारून लोखंडी जिना वर जायचा. तो चढला की तात्यासाहेबांचं कॉम्प्युटर सेंटर लागायचं. तात्यासाहेब आधी वाळूजच्याच एका कारखान्यात फोरमन होते. नोकरी सोडून त्यांनी युनिक्सचं एक मशीन घेतलं, त्याला तीन टर्मिनल जोडली आणि भिंतीशी एक धिप्पाड प्रिंटर बसवला. आसपासच्या वर्कशॉपांच्या हजेऱ्या, स्टोअरच्या याद्या आणि अकरा कॉलेजांचे 'हा आमचा विद्यार्थी' असे दाखले, बैठक याद्या, ओळखपत्रं तिथून निघायची.

हे सगळं चालायचं ते त्रिंबकच्या जिवावर. त्याच्या घराण्यात मेंढरांमागं न जाणारा तो पहिलाच. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला आणि वायरिंग करायला म्हणून या सेंटरात आला, तो इथंच राहिला. मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं त्याला चार दिवस शिकवलं, बाकी सगळं तो ठेचकाळत शिकला. युनिक्समध्ये शेल नावाची एक भाषा असते. एकाखाली एक हुकूम लिहायचे आणि चालू करायचं. मधे मशीनसाठी वेगळं भाषांतर करावं लागत नाही, लिहिलं की लगेच चालतं. त्या शेलमध्ये त्रिंबकनं सहा वर्षांत त्रेसष्ट प्रोग्राम लिहिले होते.

त्याची रीत साधी होती. नवं कॉलेज आलं की जुन्या कॉलेजाचा प्रोग्राम उचलायचा, त्याची नक्कल करायची, नावं बदलायची, लागतील तशा दोन-चार ओळी वाढवायच्या. एकदा चालायला लागलं की पुन्हा हात लावायचा नाही. सगळ्यात मोठ्या कॉलेजाचे एकोणीसशे चार दाखले तयार करायला मशीनला सव्वापाच तास लागायचे. तेवढ्या वेळात बाकीची टर्मिनलंही रांगायची. त्रिंबक सकाळी काम लावून द्यायचा आणि खाली चहाला जायचा. कुणी विचारलंच तर सांगायचा, "लई काम करतंय मशीन. दम घेऊ द्या त्याला." लोक मान डोलवायचे. त्याला सर म्हणायचे. आणि त्यालाही वाटायचं, एवढं अवघड काम, एवढा वेळ तर लागायचाच.

मालन तिथं आठ महिन्यांपूर्वी माहिती भरायच्या कामाला लागली होती. वय चोवीस, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. मुकुंदवाडीहून दोन बसा बदलून यायची. बोटं अशी चालायची की शेजारच्या टर्मिनलवरचा माणूस बावरून जावा. पहिल्याच आठवड्यात तिनं कपाटातल्या जाडजूड पुस्तकांकडं बोट दाखवलं. मशीनसोबत आलेली ती पुस्तकं सहा वर्षं प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती.

"सर, ही वाचू का?"

"वाच की," त्रिंबक म्हणाला. "झोप चांगली लागते."

तिला झोप लागली नसावी. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं आणि पुस्तक दुसऱ्या हातानं, असं तिचं चालायचं. बसमध्येही एक पुस्तक मांडीवर असायचं. त्रिंबकनं त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

मग चौऱ्याण्णव सालचा जानेवारी उजाडला. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नावाची घोषणा झाली. मराठवाडा विद्यापीठ आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. शहरात कुठं जल्लोष होता, कुठं दारं लावून घेतलेली शांतता. वाळूजच्या शिफ्टच्या बसा छावणीपाशी अडकून पडल्या. त्रिंबक त्या दिवशी पायीच घरी गेला. वाटेत निळ्या गुलालात न्हालेली माणसं, म्हाताऱ्या बाया, खांद्यावर पोरं घेतलेले बाप विद्यापीठाच्या दिशेनं चाललेले त्यानं पाहिले. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहून नुसती रडत होती आणि तिच्याभोवती लोक नाचत होते. त्रिंबक थांबून बघत राहिला. इतकी वर्षं त्यानं नामांतराच्या या भांडणात 'हो'ही म्हटलं नव्हतं आणि 'नाही'ही. अठ्ठ्याहत्तर साली, तो पंधरा वर्षांचा असताना, पलीकडच्या गावातल्या एका दलित वस्तीवर चढलेला धूर त्यानं माळावरून पाहिला होता. वडील मेंढरं दुसऱ्या वाटेनं वळवून घेऊन गेले होते. पुढं घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यानंही नाही.

दुसऱ्या दिवशी मालन कामावर आली तेव्हा तिच्या भांगात निळा रंग तसाच होता. धुऊनही गेला नव्हता, की तिनंच धुतला नव्हता, कोण जाणे.

सोमवारी त्या मोठ्या कॉलेजाचे हेडक्लार्क रामकिसन जिना चढून आले. त्यांच्या प्राचार्यांनी ठरवलं होतं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात नव्या नावाचा दाखला द्यायचा.

"त्रिंबक सर, फक्त नाव बदलायचंय," रामकिसन म्हणाले. "बाकी सगळं जसंच्या तसं."

"फक्त नावच ना?" त्रिंबक हसला. "उद्या घेऊन जा."

रामकिसन गेल्यावर त्यानं मशीनला विचारलं, जुनं नाव कुठं कुठं आहे. पडद्यावरून ओळी धावायला लागल्या आणि थांबेनात. त्रेसष्ट प्रोग्रामांत मिळून चारशे बारा ठिकाणी ते नाव त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं. कुठं पूर्ण, कुठं अर्धं, कुठं स्पेलिंग चुकून. त्यानं एका हुकुमात मोठ्या कॉलेजापुरती सगळीकडं अदलाबदल केली आणि मंगळवारी सकाळी दहाला काम लावून दिलं. सव्वातीनला काम संपलं. पहिला कागद प्रिंटरमधून वर आला. तो मालननं फाडून घेतला, पाहिला आणि त्याच्यापुढं ठेवला.

दाखले इंग्रजीत असायचे. जुन्या नावाला इंग्रजीत एकवीस अक्षरं लागायची, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्रिंबकनं एकवीस अक्षरांचाच खण आखला होता. जास्त झालं की मशीन बेलाशक कापायचं. कागदावर आलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडक. शेवटचा र नाही. मराठवाडा नाही. विद्यापीठ नाही.

"अरे च्या!" त्रिंबक म्हणाला. त्यानं कागद-पेन्सिल घेऊन नवं नाव मोजलं. टिंब आणि मोकळ्या जागा धरून चव्वेचाळीस. खण वाढवला तर शेजारचा वर्ग आणि नंबर कागदाबाहेर जाणार. ते सरकवले तर खालची ओळ बिघडणार. आणि हे असं चारशे बारा ठिकाणी. थोडा वेळ त्यानं डोकं खाजवलं, मग त्याचा चेहरा उजळला. नावाची आद्याक्षरं घेतली, डॉ. बी.ए.एम. युनिव्हर्सिटी, तर? त्यानं मोजलं. बरोब्बर एकवीस! जणू मापानंच शिवलेलं.

"बघ मालन! एक अक्षर इकडं नाय, एक तिकडं नाय."

मालननं पाहिलं. ती रागावली असती तर त्रिंबकला बरं वाटलं असतं. ती नुसती कागदावर बोट ठेवून उभी राहिली.

"सर, या नावाला सोळा वर्षं लागली," ती म्हणाली. "आता खणात बसत नाय म्हणून नाव तोडायचं, का खण बदलायचा?"

त्रिंबकनं पेन्सिल खाली ठेवली.

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या," ती पुढं म्हणाली. "सगळं नव्यानं लिहिते. नाव एकाच जागी ठेवायचं. ज्याला लागेल त्यानं तिथून घ्यायचं. लांबीही मशीननंच मोजायची आणि बाकीचं तसं सरकवायचं."

"सहा वर्षांचं काम तू चार दिवसांत लिहिणार?" त्रिंबकच्या आवाजाला धार आली.

"तुमचं काम फेकून देत नाय, सर. पण मला ते आधी समजून घ्यायचंय. तुम्ही वाचून दाखवा."

तात्यासाहेब दारातून ऐकत होते. ते म्हणाले, "करू दे तिला. रामकिसनला सव्वीसच्या आत मिळाले म्हणजे झालं. शनिवारपर्यंत जमलं नाही तर तुझं एकवीसचं आहेच."

बुधवारी सकाळी ते दोघं एका टर्मिनलपुढं बसले. त्रिंबकनं स्वतःचा प्रोग्राम मोठ्यानं वाचायला घेतला. असं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. मालन प्रत्येक ओळीला एकच विचारायची, "हे काय करतं, सर?" त्यात खोच नव्हती. पहिल्या वीस ओळी त्यानं ऐटीत सांगितल्या. मग एक ओळ आली, तिचं उत्तर त्याला देता येईना. पुढं आणखी एक. एके ठिकाणी लिहिलं होतं, दोन सेकंद झोप. आणि शेजारी त्याचीच सूचना, हे काढू नये.

"हे कशाला?" मालननं विचारलं.

त्रिंबकनं आठवून पाहिलं. "पहिला प्रिंटर होता ना, तो अडकायचा. त्याला सवड मिळावी म्हणून."

"तो प्रिंटर कुठंय?"

"एकोणनव्वदला विकला."

मालननं पेन्सिलीनं गुणाकार केला. "एका दाखल्याला दोन सेकंद. एकोणीसशे चार दाखले. तास होतो, सर. वर तीन मिनिटं."

त्रिंबकनं आकडा पाहिला. मग त्याला हसू आवरेना. "म्हणजे दरवेळी तासभर हे मशीन नुसतं झोपत व्हतं! आणि मी सगळ्यांना सांगायचो, लई काम करतंय!" मालनही हसली. तिथून पुढं त्याला वाचायची लाज वाटली नाही.

त्या दिवशी दुपारी, डबा खाताना, त्यानं तिला विचारलं, "तुमच्या घरी कोणी व्हतं का या लढ्यात?"

"आई," मालन म्हणाली. "चंपाबाई. एकोणऐंशीच्या लाँग मार्चला गेली, ती तुरुंगातच. अठरा दिवस. मी दहा वर्षांची. मावशीकडं, भामाबाईकडं ठेवलं होतं मला. आई सुटून आली तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, नाव बदललं का? ती म्हणाली, अजून नाय." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "मग दर वर्षी विचारायचे. आधी खरंच विचारायचे, पुढं पुढं चिडवायला. तीही दर वर्षी तेच सांगायची. परवा मी विचारलंच नाय. तिनंच सांगितलं."

त्रिंबकला माळावरचा तो धूर आठवला. तो सांगावासा वाटला. "आमच्या पलीकडच्या गावात अठ्ठ्याहत्तरला..." एवढं तो म्हणाला आणि थांबला. मग त्यानं जे पाहिलं होतं ते सांगितलं, मेंढरं कशी वळवली तेही. तिनं ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाली आणि डबा धुवायला उठली.

गुरुवारी आणि शुक्रवारी मालननं लिहिलं. शेलसोबत मशीनमध्ये ऑक नावाची एक छोटी भाषा पडून होती. सहा वर्षं ती तिथंच होती, त्रिंबकच्या हाताखाली, आणि त्यानं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ऑकची गंमत मालननं त्याला कॉलेजाची कागदी नोंदवही समोर ठेवून समजावली.

"तुमचा प्रोग्राम एका विद्यार्थ्यासाठी ही वही उघडतो. पहिल्या पानापासून शोधत जातो. सापडलं की वही मिटतो. पुढच्यासाठी परत उघडतो, परत पहिलं पान. असं एकोणीसशे चार वेळा."

"मग दुसरं कसं करणार?"

"वही एकदाच उघडायची. पान उलटत एकदाच खाली यायचं. जो समोर आला त्याचा दाखला तिथल्या तिथं लिहायचा. वर्ग आणि विषय दुसऱ्या यादीत असतात ना, ती यादी आधीच वाचून ठेवायची. प्रत्येक नंबरासाठी एक कप्पा. नंबर सांगितला की कप्पा उघडतो. शोधायचंच नाय."

"शोधायचंच नाय?"

"नाय. जागा ठाऊक असल्यावर कशाला शोधायचं?"

त्रिंबक त्या वाक्यापाशी अडकला. त्याला वाटायचं, मशीन म्हणजे ताकद. जोर कमी पडतो म्हणून वेळ लागतो. मोठं मशीन घेतलं की काम लवकर. मशीन तेच, वीज तीच, आणि नुसतं नीट सांगितल्यानं एवढा फरक पडतो, हे त्याच्या मनात उतरायला वेळ लागला. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं तिचा प्रोग्राम पाहिला. त्याचा तीनशे ऐंशी ओळींचा होता. तिचा एकतीस ओळींचा. प्रत्येक नाव असं की वाचलं की कळावं, कुठं काय ठेवलंय. तो वरून खाली वाचत गेला आणि कुठंही अडला नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं असून आपल्याला कळतंय, आणि आपलं स्वतःचं आपल्याला कळत नव्हतं! त्यानं ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. एखाद्या कसबी लोहाराच्या हातचा खिळा उलटसुलट करून बघावा, तसं.

नावांची फाईल तिनं वेगळी केली होती. त्यात विद्यापीठाच्या नावापुढची जागा अजून रिकामी होती.

"तुम्ही लिहा, सर," ती म्हणाली.

"छे. तूच लिही."

मालननं लिहिलं. एक एक अक्षर, एरवीच्या वेगानं नाही. चव्वेचाळीस झाली तेव्हा तिनं बोटं उचलली.

शनिवारी सकाळी तात्यासाहेबांदेखत काम लावलं. त्रिंबकनं सवयीप्रमाणं खुर्ची मागं सारली आणि चहाला जायला उठला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, मालननं हाक मारली. "सर, झालं."

"काय झालं? बंद पडलं का?"

"संपलं."

तो परत आला. पडद्यावर मशीन पुढच्या हुकुमाची वाट बघत होतं. घड्याळात दीड मिनिटही झालं नव्हतं. त्यानं फाईल उघडली. पहिला दाखला होता. शेवटचा होता. त्यानं मोजायला लावलं. एकोणीसशे चार. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बाहेर वाळूजच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, कुठंतरी लेथ किंचाळत होती, आणि त्रिंबकच्या अंगावर काटा आला होता. सव्वापाच तास दीड मिनिटात मावले होते. हे जर शक्य होतं, तर आपण सहा वर्षं ज्याला अवघड म्हणत होतो त्यातलं खरं अवघड किती होतं?

तात्यासाहेब दोनदा म्हणाले, "परत लाव बघू." परत लावलं. परत तेवढंच.

तरी त्रिंबकचं मन मानेना. "जुन्याशी ताडून बघू," तो म्हणाला. जुने आणि नवे दाखले ओळीला ओळ लावून बघायचा हुकूम त्यानं दिला. विद्यापीठाच्या नावाची ओळ आणि तिच्यामुळं सरकलेल्या जागा सोडल्या तर सगळं एकच निघायला हवं होतं. निघालं नाही. सात दाखल्यांत विद्यार्थ्यांची नावं वेगळी होती.

"बघ, सात चुकले," तो म्हणाला, आणि त्याला आतून किंचित बरं वाटलं, हे त्याला स्वतःलाही जाणवलं.

मालननं कागदी नोंदवही ओढली. सातही नंबर शोधले. वही त्याच्याकडं फिरवली. तिचे सातही बरोबर होते. चुकले होते ते त्याचे. आणि नुसते यंदाच नाही.

कारण शोधायला दुपार झाली. कुणाचा प्रवेश रद्द झाला की त्याचा नंबर उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला मिळायचा, पण त्याचं नाव यादीच्या तळाशी चढायचं. आणि त्रिंबकचा प्रोग्राम, समजा एकोणीस नंबर शोधताना, आकड्याची नुसती सुरुवात बघायचा. यादीत वरून जो पहिला भेटेल तो घ्यायचा. एकोणीसवाला तळाशी बसलेला असला की त्याच्याआधी एकशे नव्वदवाला भेटायचा, आणि दाखला त्याच्याच नावानं छापला जायचा. तळाच्या सात जणांना सेंटरनं कधी स्वतःचं नाव दिलंच नव्हतं.

"गुपचूप दुरुस्त करून टाक," तात्यासाहेब म्हणाले. "झालं गेलं. कोणाला कळतंय?"

त्रिंबक प्रिंटरपाशी उभा होता. नवे दाखले छापले जात होते. कागदाची पट्टी सरसर वर येत होती आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते नाव पूर्ण, मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. शंभर, दोनशे, पाचशे. त्यानं आयुष्यात हजारो कागद छापले होते, पण छापलेल्या नावाकडं असं कधी पाहिलं नव्हतं. पान येई आणि त्याला ती रस्त्यात उभी राहून रडणारी म्हातारी दिसे.

"मला कळलंय ना," तो तात्यासाहेबांना म्हणाला. "मी सोमवारी जाऊन सांगतो."

सोमवारी तो गेला. रामकिसननं सगळं ऐकून, सात नावांची यादी पाहून कपाळावर हात मारला. "पुंडलिक! अहो, तो तर तीन वर्षं माझं डोकं खातोय. पॉलिशिंगला असतो वाळूजमध्ये, दुसऱ्या पाळीला. सकाळी कॉलेज करतो. दर साली त्याच्या नंबरावर भलत्याचंच नाव. मी हातानं दाखला लिहून द्यायचो, आणि एसटीवाले म्हणायचे, सगळ्यांचे छापील, तुझाच हातचा कसा? दोनदा सवलतीचा पास नाकारला त्याला. मला वाटायचं, फॉर्म यानंच चुकवला असंल."

"चूक माझी व्हती," त्रिंबक म्हणाला. "सातही जणांना सांगा. नाव माझं सांगा."

सव्वीस जानेवारीला तो आणि मालन कॉलेजात गेले. झेंडावंदन झालं, वर्गवार दाखले वाटले गेले. पुंडलिक तिशीच्या आसपासचा निघाला, नखांच्या कडांना पॉलिशचा काळा रंग मुरलेला. रामकिसननं त्रिंबककडं बोट दाखवून त्याला काहीतरी सांगितलं. तो सरळ चालत आला. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी त्रिंबकनं केली होती.

"तुम्हीच का ते?" पुंडलिक म्हणाला.

"व्हय. मीच."

पुंडलिकनं हातातला कागद दोघांच्या मधे धरला. "तीन वर्षं मला वाटायचं, मी कॉलेजात हाय का नाय, हेच कॉलेजाला म्हाईत नाय." मग त्यानं इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत आधी विद्यापीठाचं नाव वाचलं, पूर्ण, सावकाश, आणि खाली स्वतःचं. "दोन्ही एकाच कागदावर," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "ह्ये कुणी केलं?"

"हिनं," त्रिंबक म्हणाला, आणि मालनला पुढं केलं.

पुंडलिकनं हात जोडले. मालन अवघडून म्हणाली, "दादा, एकतीस ओळी आहेत नुसत्या." पुंडलिकला त्यातलं काही कळलं नाही. त्रिंबकला कळलं.

त्या आठवड्यात बाकीच्या दहा कॉलेजांची माणसं एकामागून एक जिना चढून आली. सगळ्यांची मागणी तीच. मालननं प्रत्येक कॉलेजासाठी नावांची एक छोटी फाईल केली, प्रोग्राम तोच. एका दिवसात दहाही कॉलेजांचं काम संपलं. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस प्रोग्राम त्रिंबकनं स्वतःच्या हातानं पुसले. पहिला पुसताना बोट थबकलं, पुढचे भराभर गेले. तात्यासाहेबांनी मालनला डेटा एंट्रीवरून काढून प्रोग्रामिंगला बसवलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा एक तास ती त्रिंबकला ऑक शिकवू लागली. शिकवताना ती त्याला सरच म्हणायची. त्याला ते आधी चुकल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली.

मार्चमध्ये एका नव्या वर्कशॉपच्या हजेरीचं काम आलं. त्रिंबकनं कोरी फाईल उघडली. जुन्या कुठल्याही प्रोग्रामची नक्कल घेतली नाही. तो पडद्यापुढं हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मालननं मान वळवून पाहिलं.

"सर, अडलं का काही?"

"नाय," त्रिंबक म्हणाला. "आधी समजून घेतोय. माणसं किती, पाळ्या किती, कोण कुठून कुठं जातं." आणि त्यानं समोरचा कागद ओढून, कीबोर्डला हात न लावता, पेन्सिलीनं चौकोन काढायला सुरुवात केली.